गीता वॉटर सप्लायर्स

१

घरोघरी भाकऱ्या थापून पोट भरणारी गीताबाई दांडगे चार टँकरची मालकीण आहे, हे मुकुंदवाडीतल्या त्या गल्लीला पोस्टमनने आणलेल्या पाकिटाने सांगितलं आणि गीताबाईला गल्लीने.

दोन हजार तेराचा मे चालू होता. औरंगाबादेत नळाला सहाव्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर. अशा दिवसांत गल्लीच्या लेखी टँकरवाला म्हणजे कसाई. आयकर खात्याचं पाकीट शेजारच्या कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्याच संध्याकाळी गीताबाईचा हंडा नंबरातून उचलून गटारीच्या कडेला ठेवला गेला. कुणीतरी पालिकेतही कळवलं आणि चार दिवसांनी तिथली चिठ्ठी आली. घरकुलाच्या यादीत तिचं नाव होतं, अकरा वर्षं खेटे घालून लागलेलं. उत्पन्न जास्त असल्याने ते का काढू नये, याचा खुलासा सोमवारी समक्ष येऊन करावा, असं चिठ्ठीत होतं.

गुरुवारी सकाळी रिक्षावाला गयास तिला समर्थनगरला कालिंदी आष्टीकरांच्या दारात घेऊन आला. कालिंदीबाईंनी अठ्ठावीस वर्षं आयकर कचेरीत कारकुनी केली होती. आता घराच्या पुढच्या खोलीत बसून त्या लोकांची विवरणपत्रं भरून देत. जीभ अशी की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा यायला कचरायचं, आणि काम असं की आल्याशिवाय राहायचं नाही.

"मॅडम, ये बाई का देखो जरा," गयास म्हणाला. "गल्लीवाले तिला जगू देत नाहीत."

कालिंदीबाईंनी नोटीस वाचली आणि चष्मा काढून टेबलावर आपटला.

"गीता वॉटर सप्लायर्स. वाळूजच्या कारखान्यांना वर्षभर पाणी पुरवलंय तुम्ही. विवरणपत्रात साडेतेवीस लाखांचं दाखवलंय, कारखाने म्हणतात एकेचाळीस लाखांचं घेतलं. फरक कुठं गेला, असं विचारतायत."

"बाई, म्या घागरभर पानी इकलं नाय कधी."

"विकलं नसेल. पण एकट्या माणसाचा धंदा असला की धंद्याचा वेगळा कागद नसतो. दुकानाची कमाई आणि घरची कमाई एकाच विवरणपत्रात, एकाच नावावर भरायची. त्यामुळे हे चार टँकर थेट तुमच्या चुलीपाशी येऊन उभे राहिलेत. पैसा कुठल्या खात्यात गेला हे बँक सांगेल, पण कचेरीने विचारून बँकेने उत्तर द्यायला महिना जातो. तुमच्याकडे चार दिवस आहेत."

दुपारी त्या गीताबाईला घेऊन जुन्या कचेरीत गेल्या. खिडकीवरच्या कारकुनाला त्यांनीच काम शिकवलं होतं. तो त्यांना बघून खूश झाला नाही. तरी करदाती स्वतः समोर उभी म्हटल्यावर त्याला नकला द्याव्या लागल्या. एक नक्कल पॅनकार्डाच्या अर्जाची होती. नाव गीताबाई दांडगे, वडिलांचं नाव भिकन, जन्म एक जून एकोणीसशे सहासष्ट. दिलेला मोबाइल बंद. दुसरी नक्कल विवरणपत्राच्या पोचपावतीची. विवरणपत्र संगणकावरून भरलं होतं आणि पोचपावती सही करून टपालाने पाठवली होती. नफा दाखवला होता एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार. त्या वर्षी बायकांना एक लाख नव्वद हजारांपर्यंत कर नव्हता. भरणारा पक्का बेरकी होता.

"तुम्हाला लिहिता येतं?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"सही येती. शाळंचं तोंड नाय पाह्यलं म्या. फर्दापूरला शाळा घरामागंच होती, पर बाप लेण्यांवर डोली वाहायचा आन मी त्याची भाकर घिऊन त्याच्या मागं. सही इथं आल्यावर शिकले, साक्षरतेच्या वर्गात."

कालिंदीबाईंनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. गीताबाईने जीभ दाताखाली धरून, एकेक अक्षर ओढत सही केली. 'त'चा पाय डावीकडे वळलेला, 'ब'च्या पोटातली रेघ बाहेर आलेली. कालिंदीबाईंनी पोचपावती शेजारी ठेवली आणि एकेक अक्षर ताडून पाहिलं.

पोचपावतीवरची सही गीताबाईचीच होती.

२

"खोटं बोलणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात," कालिंदीबाई कचेरीच्या पायऱ्यांवरच म्हणाल्या. "तुम्ही त्यांतल्या असाल तर आत्ताच रिक्षात बसा आणि जा."

गीताबाई रडली नाही. तिलाही राग येत होता.

"सही माझीच हाय. सही यायला लागली तसं कुनी कागद म्होरं केला की मी करती. बचत गट, रेशन, निराधारचं पेन्शन. अंगठा लावताना समदे हसायचे, सही केली की गप बसायचे. म्हनून करायचे. वाचता कुठं येतंय मला?"

कालिंदीबाई वरमल्या, पण ते त्यांनी दाखवलं नाही. "तुमची कागदपत्रं कुणाकुणाकडे गेली होती?"

काकासाहेबांकडे, गीताबाईने सांगितलं. गारखेड्याला त्यांच्या बंगल्यात ती पाच वर्षं स्वयंपाक करत होती आणि त्यांचे स्वतःचेच टँकर होते. दीर कडुबाकडे, रेशनकार्डासाठी. मुकुंदवाडी स्टेशनजवळ फॉर्म भरून देणाऱ्या हिमांशूकडे. "आन गुरुजींकडं. पर ते आपले हायेत."

गुरुजी म्हणजे साक्षरतेचा वर्ग घेणारे तात्यासाहेब, जिल्हा परिषदेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना कालिंदीबाईही ओळखत होत्या. त्यांचं पेन्शनचं विवरणपत्र गेली सहा वर्षं त्याच भरत होत्या, एक पैसा न घेता, आणि वर चहा पाजून. त्यांनी मान हलवली आणि उरलेली तीन नावं कागदावर लिहिली.

चाळणी त्यांना सापडली होती. बाई लग्नाची असली की सरकारी कागद तिला नवऱ्याचं नाव विचारतात. रेशनकार्ड, मतदार कार्ड, निराधारचा अर्ज, सगळीकडे मयत नवरा. फक्त पॅनकार्ड बापाचं नाव मागतं. आणि अर्जावर ते बरोबर लिहिलं होतं. ज्याने हा उद्योग केला त्याला फर्दापूरचा भिकन माहीत होता.

काकासाहेबांनी त्यांना बसा म्हटलं नाही. गीताबाई फाटकाशी दिसताच त्यांचा आवाज चढला.

"हिला परत इथं कशाला आणली? दोन वर्षं मी शोधतोय, वाळूजला माझा भाव पाडून पाणी कोण टाकतंय. माणसं लावली मागावर. आणि ही माझ्याच स्वयंपाकघरात बसून माझेच रेट ऐकत होती. नोटिशीचं कळलं त्याच दिवशी हाकलली."

"म्हणजे गीता वॉटर सप्लायर्सशी तुमचा संबंध नाही."

"माझं चौदा लाखांचं काम गेलं त्यात. संबंध कसला?"

"हिच्या वडिलांचं नाव काय?"

काकासाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी मोलकरणीच्या जोड्याचं माप विचारलं. "वडलांचं? अहो, हिचं आडनाव मला ठाऊक नाही. पाच वर्षं 'बाई' म्हणतोय. निघा आता."

बाहेर पडताना गयास पुटपुटला, "हा माणूस चोर असता तर इतका खरा चिडला नसता." कालिंदीबाईंनाही ते पटलं होतं. म्हणून त्या जास्तच चिडल्या.

३

शुक्रवारी सकाळी कडुबा स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाड्यावर सापडला. भावजयीला पाहून तो पचकन थुंकला.

"आली का शेठानी? चार टँकर घेतले आन दिराला डायवर बी नाय ठिवलं. ते घर माझ्या भावाच्या नावानं मिळनार होतं. गेलं तर गेलं, माझं काय जातंय?"

"हिच्या माहेरचं कोण माहीत आहे तुम्हाला?" कालिंदीबाईंनी विचारलं. "बापाचं नाव?"

"त्याला समदे डोलीवालाच म्हनायचे. नाव कोन पुसतंय? माझा सासरा व्हता का तो?" मग तो गीताबाईकडे वळून म्हणाला, "पन्नास रुपये हायेत का?"

तिच्याकडे नव्हते. असते तरी तिने दिले नसते, हे तिच्या तोंडावर लिहिलं होतं.

हिमांशूचं दुकान पलीकडच्या बोळात होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत झेरॉक्सचे गठ्ठे, मध्ये एक संगणक आणि त्याच्यामागे कपाळाला आठ्या घातलेला हिमांशू. कालिंदीबाईंनी दोन वाक्यं बोलताच तो उठून उभा राहिला.

"मला चोर म्हणताय? तीस रुपयाला फॉर्म भरतो मी, मॅडम. तुम्ही घरात बसून पाचशे घेता. चोर कोण?"

"हिचा निराधारचा अर्ज तुम्ही भरलात. त्याची प्रत दाखवा."

त्याने गठ्ठा उपसला आणि प्रत टेबलावर आदळली. "घ्या. नाव, नवऱ्याचं नाव, मयत. जन्म एक जानेवारी सहासष्ट. बापाचा रकानाच नाही त्याच्यात. काय खोटं आहे?"

"एक जानेवारी कुठून आणली?"

"मतदार कार्डावर वय असतं, ते एक जानेवारीला धरलेलं. ज्याला स्वतःची तारीख माहीत नाही त्याला आम्ही एक जानेवारी टाकतो. सेतूत टाकतात, तहसीलमध्ये टाकतात. मी काय नवीन शोध नाही लावला."

कालिंदीबाई रिक्षात येऊन बसल्या. तिघेही संपले होते. तिघेही उर्मट, तिघांनाही या बाईचं वाटोळं झालं तरी चालणार होतं, आणि तरीही तिघांपैकी कुणीच हे केलं नव्हतं. शुक्रवारचे बारा वाजले होते आणि रिक्षाची बसायची जागा तव्यासारखी तापली होती.

त्यांचा उतरलेला चेहरा आरशात पाहून गयासने विषय बदलला.

"मॅडम, पुढच्या शनिवारी घरी या. बर्थडे आहे."

"कुणाचा?"

"माझा. माझ्या बायकोचा, शहजादीचा पण. आणि माझ्या दोन भावांचा आणि बहिणीचा. सगळ्यांचा एकच, एक जून. मोबाइल कंपनीचा हॅपी बर्थडे पाचही फोनवर एकदम वाजतो." तो हसला. "जूनमध्ये अब्बा नाव घालायला घेऊन गेले की मास्तर विचारायचे, पैदाइश कब की? अब्बा म्हणायचे, उस साल बारिश अच्छी हुई थी. मग मास्तर आपले टाकायचे, एक जून."

कालिंदीबाईंनी पाठ टेकली होती. ती हळूहळू ताठ झाली. अठ्ठावीस वर्षं कचेरीत त्यांनी हजारो कार्डांवर एक जून पाहिला होता. इतका पाहिला होता की काल गीताबाईच्या अर्जावर तो दिसला तेव्हा डोळ्याला खुपलाच नाही.

"गयासभाई, तुमच्या घरात शाळेत न गेलेलं कुणी आहे?"

"अम्मी."

"तिची तारीख?"

"एक जानेवारी. मतदार कार्डवाली."

"रिक्षा वळवा," कालिंदीबाई म्हणाल्या. "सिडकोत चला. एन-सहा."

गीताबाईने त्यांच्याकडे वळून पाहिलं. एन-सहामध्ये ती एकाच माणसाला ओळखत होती.

४

तात्यासाहेबांच्या बंगल्यापुढे हिरवळ होती. आख्खं शहर हंड्यामागे पळत असताना त्यांच्या अंगणात मोगरा फुलला होता आणि फरशी नुकतीच धुतलेली होती. गीताबाई त्या ओल्या फरशीकडे बघत चपला काढायला विसरली.

"ये कालिंदी," तात्यासाहेब प्रेमाने म्हणाले. त्यांनी तिघांना काचेचे पेले भरून पाणी दिलं. गीताबाईची हकिगत त्यांनी डोळे मिटून ऐकली. "ऐकलं मी. गरीब बाई. अगं, कुठं भांडत बसायचं खात्याशी? हिनं लिहून द्यावं की धंदा होता, आता बंद केला. दंड काय होईल तो मी भरतो."

"आणि घर?"

"घराचं पुढच्या यादीत बघू. मी बोलेन कुणाशी तरी."

कालिंदीबाईंनी पिशवीतून एक कोरा कागद काढला. "ठीक आहे. सोमवारी द्यायचा खुलासा तुम्हीच लिहून द्या. तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. वर तिची सगळी माहिती लागते, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता."

तात्यासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मजकूर काय घालायचा याचा विचार त्यांच्या कपाळावर दिसत होता. वरच्या चार ओळींचा विचार करायची त्यांना गरज नव्हती. पेन सरसर चाललं. गीताबाई दांडगे. वडील भिकन. जन्म १ जून १९६६. मुक्काम मुकुंदवाडी.

"थांबा," कालिंदीबाई म्हणाल्या.

त्यांनी पॅनच्या अर्जाची नक्कल त्या कागदाशेजारी ठेवली, आणि मतदार कार्डाची आणि निराधारच्या अर्जाची झेरॉक्स दुसऱ्या बाजूला.

"तुम्ही हिला तारीख विचारली नाहीत, तात्यासाहेब. बापाचं नावही विचारलं नाहीत. बापाचं नाव तुम्हाला माहीत असणारच. फर्दापूरच्या शाळेत तुम्ही अकरा वर्षं होतात, तुमच्या पेन्शनच्या कागदांत मी ते पाहिलंय. पण ही तारीख कुठून आणलीत? हिच्या घरातल्या एकाही कागदावर ती नाही. सगळीकडे एक जानेवारी आहे. एक जून शाळेच्या रजिस्टरात असतो, आणि ही बाई शाळेत गेलेलीच नाही. पहिलीत पोरांची नावं घालून घालून ज्याच्या हाताला एक जूनचीच सवय लागलीय, त्याच्याच पेनातून ही तारीख उतरते. तुम्ही ती एकदा पॅनच्या अर्जात लिहिलीत आणि आत्ता माझ्यासमोर लिहिलीत."

तात्यासाहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"तारीख म्हणजे पुरावा नव्हे."

"नव्हे. पुरावा बँकेत आहे. खातं गीताबाईच्या नावाचं, सही गीताबाईची, आणि चेकबुक कुणाच्या कपाटात हे महिन्याभरात बाहेर येईल. त्या दिवशी पोलीस येतील. आज तुम्ही स्वतः लिहून दिलंत तर कर आणि दंड यावर निभावायची थोडी तरी आशा आहे. तेवढीच सवलत, आणि ती तुमच्यासाठी नाही, हिचं घर सोमवारी वाचावं म्हणून."

मग तात्यासाहेबांचा चेहरा बदलला. सहा वर्षं चहा पिणारा मवाळ म्हातारा गेला आणि छडी घेतलेला मास्तर समोर आला.

"मला अक्कल शिकवतेस? हे सगळं तूच मला शिकवलंस, कालिंदी. पेन्शन आणि धंदा एकाच कागदावर भरावा लागतो, वेगळा करता येत नाही, हे कोण म्हणालं? बायकांना किती माफ, हे कुणी सांगितलं? फंडाची सगळी रक्कम टँकरमध्ये घातली मी. पेन्शनमध्ये हा नफा मिळवला असता तर वरचा सगळा सरकारनं नेला असता. चहा पिता पिता तू उपाय सांगत होतीस आणि तुला कळतही नव्हतं."

हे लागलं. आपल्या हुशारीचं कौतुक ऐकायला आवडतं म्हणून आपण काय काय बोललो, ते कालिंदीबाईंना एकदम आठवलं, आणि त्यांना स्वतःची मनस्वी चीड आली.

तात्यासाहेब आता गीताबाईकडे वळले. "आणि तुझं काय गेलं गं? चुलीपुढची बाई तू. मी तुला अक्षर दिलं. अंगठा लावत होतीस."

गीताबाई उठली. एवढा वेळ ती खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"दिलं की. चार म्हैने हात धरून गिरवून घेतलं. बँकेचं खातं म्हनलात, म्या सही केली. गॅसचा कागद म्हनलात, म्या केली. तुमी म्होरं केलेला कागद कशाचा, हे इचारायचं माझ्या मनात बी नाय आलं. गल्लीनं माझा हंडा गटारीत ठिवला, गुरुजी. तुमच्या फरशीवर पानी हाय."

तिने कालिंदीबाईंच्या हातातून दुसरा कागद घेतला. रिक्षातच लिहून ठेवलेला कबुलीजबाब होता तो. तिने तो त्यांच्यापुढे ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्या बोटांत दिलं.

"सही करा. मला शिकवली तशी. एकेक अक्षर, घाई नाय."

तात्यासाहेबांनी पेन कागदावर टेकवलं. गयास दाराशी उभा राहिला आणि सही पुरी होईपर्यंत हलला नाही. इतक्या मोत्यासारख्या अक्षराच्या माणसाची ती सही फार वाईट आली.

५

सोमवारी पालिकेत गर्दी होती. साहेबांनी कबुलीजबाब दोनदा वाचला, कालिंदीबाईंना चार उलटसुलट प्रश्न विचारले, चार तशीच उत्तरं ऐकली आणि नाव यादीत ठेवण्याचा शेरा मारला. खात्याची चौकशी तात्यासाहेबांच्या नावाने सुरू होणार होती. पेन्शन आणि टँकर आता एकाच कागदावर येणार होते. गल्लीत कुणी माफी मागितली नाही. हंडा तेवढा परत नंबरात आला होता.

शेवटी नोंदीसाठी त्यांना बाजूच्या टेबलावर पाठवलं. तिथल्या कारकुनाने मान वर न करता नाव लिहिलं, पत्ता लिहिला.

"जन्मतारीख?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता त्याचं पेन एकचा आकडा काढायला खाली गेलं.

गीताबाईने त्याच्या कागदावर पालथा हात ठेवला.

"मला इचारा."

कारकून चमकला. "बरं. सांगा."

"माय म्हनायची, हरभरा घरात आला त्या दिशी झाले. साल तिला ठावं नव्हतं."

"असं लिहिता येत नाही, बाई. तारीख लागते. मी टाकतो काहीतरी."

"काहीतरी नगं," गीताबाई म्हणाली. तिचा हात कागदावरून हलला नाही. "माहीत नाय, असं लिवा. खाली मी सही करती. पर आधी वाचून दावा, वरपासून समदं."

कारकुनाने मदतीसाठी कालिंदीबाईंकडे पाहिलं. कालिंदीबाईंना या रकान्याचा नियम तोंडपाठ होता, आणि तो कारकुनाच्या बाजूने होता. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मागे रांगेतली माणसं कुरकुरायला लागली, कुणीतरी शिवी हासडली. कारकुनाने घसा साफ केला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली.